मागच्या दाराची कडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले प्राचार्य महोदय, उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या नव्या प्राचार्या, प्राध्यापकवृंद आणि विद्यार्थी मित्रहो,

"प्राचार्यांच्या संवेदनशीलतेवर दोन शब्द बोला," असे चिटणीसांनी मला फोनवर सुचवले. माझी दिवंगत पत्नी याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी, आणि तिला स्किझोफ्रेनिया होता; तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, असा त्यांचा समज असावा. तो बरोबर आहे.

आजारपणात अर्धवट राहिलेली संख्याशास्त्राची पदवी तिला पुरी करायची होती. तिने मागितले तरी काय? मागच्या दाराजवळची जागा, डोक्यातले आवाज वाढले की कुणाला न विचारता बाहेर जाऊन परत येण्याची मुभा, आणि गोळ्यांमुळे सकाळी गुंगी असते म्हणून दुपारची तुकडी. प्राचार्यांचे औदार्य पाहा! त्यांनी तिला मेणबत्त्या बनवण्याचा वर्ग सुचवला.

"मन रमेल हो, ताई."

"मन रमवायला घर आहे, सर. मला गणित येतं."

त्यावर ते माझ्याकडे वळले. "ह्यांना झेपेल का हो?" जणू ती खोलीत नव्हतीच.

"ती इथेच बसली आहे," मी म्हणालो.

प्रवेश मिळाला. सवलती मात्र नाहीत. उद्या म्हणे सगळेच मागतील. सवलतींऐवजी तिला काळजी मिळाली. तिला पहिल्या बाकावर बसवले. बाई निघून गेल्या तर, म्हणून मागच्या दाराला कडी घातली. प्रत्येक तासाला नवे प्राध्यापक वाकून विचारीत, "बरं वाटतंय ना, ताई?" एकदा ती म्हणाली, "माझ्या डोक्यात आधीच पुष्कळ जण बोलतात, सर, तुम्ही आणखी भर घालू नका. फळ्यावरचं उदाहरण चुकलंय, ते बघा."

वर्ग हसला. उदाहरण खरोखरच चुकले होते. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि आवाज खाली आणून सांगितले, "त्यांचा आजार बळावतोय." धडधाकट विद्यार्थ्याने चूक काढली, तर तो हुशार ठरतो. नाही का?

मग बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून ती घरीच शिकली. दुपारी, दार उघडे ठेवून. एकच विषय उरला होता, तेव्हा ती गेली. न्यूमोनियाने, स्किझोफ्रेनियाने नव्हे. सांत्वनाला आलेले प्राचार्य म्हणाले, "सुटली बिचारी." कशातून, महोदय? तिला परीक्षा द्यायची होती.

यंदाच्या माहितीपत्रकावर तिचे छायाचित्र आहे. हातात मेणबत्ती आहे. प्राचार्यांच्या आग्रहाखातर त्या वर्गाला ती एकच दिवस गेली होती.

नव्या प्राचार्या, तोच आजार असलेल्या एका मुलीने यंदा संख्याशास्त्राला अर्ज केला आहे. ती कोण, हे मी इथे सांगणार नाही. आपल्याला ठाऊक आहे. ती भेटायला येईल, तेव्हा तिच्या वडिलांकडे वळू नका. कुठे बसलीस म्हणजे शिकता येईल, हे तिलाच विचारा. त्या दाराची कडी काढा. आणि वर्गात "बरं वाटतंय ना?" याऐवजी एकदा तरी "उत्तर किती आलं?" असे विचारा. माझ्या पत्नीला ते कुणीच विचारले नाही.

प्राचार्य महोदयांना आता वेळच वेळ आहे. मेणबत्त्यांचा वर्ग अजून चालू आहे. मन रमेल.

आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, आभारी आहे. ओघात काही अधिक-उणे बोललो असेन, तर क्षमा असावी. जे मुद्दाम बोललो, त्यासाठी मी ती मागत नाही.