कोट उसवून पडलाय

…नाही हो, लिहिणार नाही असं मी कधी म्हटलं? लिहिणारच होते! रोज लिहिणार होते! सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच, आज लिहायचं. चहा झाला की लिहायचं, भांडी झाली की लिहायचं, दुकानातून आले की लिहायचं… आणि संध्याकाळी बघते तर भांडी झालेली, दुकान झालेलं, चहा तर दोनदा झालेला, आणि तिकडे त्या बाईंच्या घरी तो कोट तसाच उसवून पडलाय!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. मी कपडे दुरुस्त करते. धुलाईचं दुकान आहे, आत शिरलं की डाव्या हाताला इस्त्रीवाले आणि उजव्या हाताला माझं मशीन. झिप बदला, पँट आखूड करा, कमरेत जरा सैल करा… कमरेत सैल करा म्हणणारे रोज येतात, घट्ट करा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय! तर माझी एक भाची आहे, शिकलेली, चटपटीत. ती एकदा माझ्या मशीनपाशी येऊन म्हणते, "मावशी, तुझ्या हातात कला आहे, ती जगापुढे यायला हवी. तू ब्लॉग लिही!" मी म्हटलं, "अगं, माझं शिक्षण दहावी, मला काय लिहिता येतंय?" तर म्हणते, "सोपं आहे गं! जशी बोलतेस तशी लिही." आता मला सांगा, मी बोलते कशी? एक सांगायला घेते, त्यातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं… काय सांगत होते मी?

हां, ब्लॉग. तर आधी बटण कसं लावावं ते लिहिलं. मग पँटची खालची दुमड. आणि मग मला चढलं हो, खरं सांगते! एकदम कोटालाच हात घातला. 'मोठ्या माणसाचा कोट लहान अंगाला कसा करावा. भाग पहिला.' भाग पहिला असं लिहिलं की कसं भारदस्त वाटतं! त्यात मी सांगितलं की कोट सगळा उसवायचा. अस्तर सोडवा, कॉलर सोडवा, बाह्या सोडवा, एकही टाका ठेवू नका. आणि शेवटी माझ्या या कपाळकरंट्या बोटांनी लिहिलं, 'पुढे काय करायचं ते पुढच्या भागात. घाबरू नका, मी आहे ना!'

मी आहे ना! कुठे होते मी? मी बटणं रंगाप्रमाणे लावत बसले होते!

कारण झालं असं, की ब्लॉग किती वेळा उघडला त्याचा एक आकडा दिसतो. तो रोज वाढायचा आणि मी रोज हुरळायचे. दुकानात इस्त्रीवाल्यांना सांगायचे, "आज आणखी लोक आले हं!" भाचीने एकदा बघितलं आणि विचारलं, "मावशी, तू स्वतः दिवसातून किती वेळा उघडतेस?" म्हटलं, "येता-जाता उघडते की, कोण आलं ते बघायला." तिने फोन माझ्या हातात परत ठेवला. मग मलाच कळलं… ती सगळी गर्दी म्हणजे मी! एकटी मी जात होते नि येत होते, आपल्याच दाराची बेल वाजवून आपणच कोण आलं म्हणून धावत होते! झालं, हातच गळाले. म्हटलं, वाचतंय कोण? कोणासाठी डोकं शिणवायचं? लिहू सावकाश.

आणि नेमकी तेव्हाच त्या बाईंची प्रतिक्रिया आली. पहिलीवहिली! वाचली, आणि तुम्हाला सांगते, हातातली सुई हातातच राहिली. 'ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे माझ्या वडिलांचा कोट पूर्ण उसवला आहे. ते आता नाहीत. लेक नोकरीसाठी थंड गावाला निघाली आहे, तिला आजोबांचा कोट घालून जायचं आहे. तुम्ही आहात म्हणून धीर केला. पुढचा भाग कधी?'

तुम्ही आहात म्हणून धीर केला! अहो, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं!

आता तुम्ही म्हणाल, मग बसायचं आणि लिहायचं. बसले की! रोज बसले! पण लिहायला बसलं ना, की घरातल्या वस्तू हाका मारायला लागतात. मशीन म्हणतं, तेल घाल. पडदा म्हणतो, मला धुऊन किती दिवस झाले? मेला तो पडदा एरवी तोंड उघडत नाही! भाचीला फोन केला, तर ती म्हणाली, "मावशी, सातत्य हवं! रोज एका जागी बस, एका वेळी बस, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव." ठेवला. अगदी शहाण्यासारखा दुसऱ्या खोलीत ठेवला आणि इकडे येऊन बसले. मग आठवलं, मी लिहिते फोनवरच!

मग व्हिडिओ बघितले, मन कसं टिकवावं याचे. एक गृहस्थ इतकं तळमळून सांगत होते, "उठा! आत्ता उठा! आज करायचं ते आजच!" मला इतकं पटलं, की लगेच त्यांचा दुसरा व्हिडिओ लावला. सगळी दुपार बघितले. आणि कोट तिकडे उसवून पडलाय!

इस्त्रीवाल्यांना विचारलं, तर ते मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "ताई, मनाचं इस्त्रीसारखं असतं बघा. तापलं की लगेच फिरवायचं, थांबायचं नाही…" आणि हे सांगताना स्वतः थांबले होते, इस्त्री एका शर्टावर ठेवून! शर्टाच्या पाठीवर ती छान उमटली. तो शर्ट मग माझ्याकडेच आला.

पण खरी गोम सांगू का? कोणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते. मला पुढचं लिहिताच येत नव्हतं. हाताला जे येतं ते तोंडाला येत नाही हो! बाही कशी बसवायची? बसवायची! बोटं आपली आपण जातात, मी त्यांना कधी विचारलंय? 'बाही हळूच बसवावी' एवढं लिहिलं आणि वाक्याकडे बघत बसले. हळूच म्हणजे किती हळू? त्या बाई बिचाऱ्या हळूच-हळूच कुठवर जातील?

शेवटी ठरवलं, एक कोट स्वतः उसवायचा, हात काय करतात ते बघायचं आणि तसंच्या तसं लिहायचं. आता कोट कुठून आणू? गिऱ्हाइकाचा कसा उसवू? मग… कपाटात ह्यांचा होता. एकुलता एक. पुतण्याच्या लग्नात घालायला ठेवलेला. मी म्हटलं, "अहो, कोट जरा घेऊ का? शिवून देते परत." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "उसवतेच आहेस तर कमरेत जरा सैल कर."

उसवायला बसले. पहिली बाही सुटली आणि माझ्या हाताने काय केलं माहितीये? खडू उचलला आणि बाहीवर आतून खूण केली. डावी. दुसरी सुटली, खूण केली. उजवी. पाठ, पुढचा भाग, कॉलर… सुटेल त्यावर खूण. आणि एकदम फोन उघडून पहिला भाग वाचला! अहो, खडूचं मी लिहिलंच नव्हतं! हात इतकी वर्षं करतो, म्हणून डोक्याला पत्ताच नाही! म्हणजे त्या बाईंच्या घरी नुसते तुकडे, बिनखुणेचे… माणूस गेलेला, आणि मी त्याच्या कोटाची डावी-उजवीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती.

मग मात्र उठले नाही. पडदा ओरडला, ओरडू दिला. दोन्ही बाह्यांवरच्या खुणा पुसल्या, डोळे मिटून अदलाबदल केली, आणि आता ओळख म्हटलं. आणि ओळखता आलं हो! लिहिलं, 'बाई, माझी चूक झाली, खडूचं सांगायचं राहिलं. आता असं करा. बाहीची उजळ, म्हणजे बाहेरून दिसणारी, बाजू वर घेऊन ती उजेडात धरा. मध्यावर कुठेतरी कापड झिजलेलं, जरा चकाकणारं दिसेल. ते कोपर. ती मागची बाजू. वडील टेबलाला टेकून बसत असतील तर लगेच सापडेल. मागची बाजू कळली की डावी कुठली, उजवी कुठली ते आपोआप कळतं.' मग बगल, मग खांदा, बोटं जात होती तसं मागोमाग लिहीत गेले. बाही 'हळूच' नाही, बगलेपासून टाचण्या लावत वर जायचं, असं नीट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एवढंच. 'ताई, बाबांचं कोपर सापडलं.'

मी दुकानात मशीनवर डोकं टेकून रडले. इस्त्रीवाले घाबरले, त्यांना वाटलं मशीन बिघडलं.

पुढे तिसरा भाग लिहिला, चौथाही लिहिला. लेक निघायच्या आधी फोटो आला. कॉलर एका बाजूला किंचित वर आहे, माझ्या नजरेतून सुटणार थोडीच! पण पोरगी कोटात अशी ताठ उभी होती, की मी काही बोलले नाही. सुंदर झालाय म्हटलं, आणि झालाच होता.

चला, सुटले एकदाची! असं वाटलं… आणि सुटलेच. त्या बाईंचा कोट झाला आणि माझं मन परत जाऊन बसलं बटणांपाशी. पुतण्याचं लग्न तोंडावर आलंय. खाटेवर चादर टाकलीय, तिच्याखाली काय आहे ते मी बघत नाही, हेही बघत नाहीत. एका शब्दाने विचारलं नाही हो त्यांनी. इतका भला माणूस! मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काल ब्लॉग उघडला, तर नवी प्रतिक्रिया! कोणीतरी अनोळखी, नाव नाही, गाव नाही. मी हरखले. वाचलं तर लिहिलंय, 'ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोट उसवून पडला आहे. कमरेत सैल करायचं विसरू नका. पुढचा भाग कधी?'

मान वळवून बघितलं, तर हे पेपर वाचत होते. उलटा.

सप्तपदी चाललेल्या नवऱ्यावर मला ताई म्हणायची पाळी आली, तीही चारचौघांत! काय करणार? उत्तर दिलं.

'घाबरू नका, मी आहे ना.'