एका गुडघ्याची सवलत

(हॉकी क्लबची उपचारखोली. क्लबचा मॅनेजर, त्याची थोरली बहीण आणि बाकावर पाय पसरून बसलेला गोलकीपर.)

मॅनेजर : म्हणून म्हणतो ताई, तू लीगची चौकशी अधिकारी म्हणून आलीस की माझी बहीण म्हणून, ते आधी ठरव. त्यावरून चहाचा कप काढतो.

ताई : चहा नको. धडधाकट गुडघा पट्ट्यात बांधला की कसा दिसतो, हे कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. ते बघायला आले.

मॅनेजर : धडधाकट कुठला? आमच्या डॉक्टरांनी तपासलाय.

ताई : ‘आमच्या’ म्हणालास, तिथेच तपासणी संपली. काय हो, दुखतंय का?

गोलकीपर : पट्ट्याखाली खाज सुटते, बाई. बाकी काही नाही.

मॅनेजर : तू गप्प बस रे.

गोलकीपर : मोसमभर गप्पच बसलोय, साहेब. लंगडतोसुद्धा. परवा भान राहिलं नाही, दोन-दोन पायऱ्या चढून गेलो, तर तुम्हीच खालून खेकसलात.

ताई : प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आम्ही कशासाठी घातली, आठवतं? सगळे चांगले खेळाडू एकाच श्रीमंताच्या दावणीला बांधले जाऊ नयेत, म्हणून. आणि जखमी माणसाला कोणी ओझं समजून हाकलू नये, म्हणून त्यात मी एक दयेचं कलम घातलं. तो बरा होईपर्यंत त्याचा पगार मर्यादेत धरायचा नाही, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. त्या दयेच्या खिडकीतून तू हत्ती आत आणलास.

मॅनेजर : हत्ती नाही, स्ट्रायकर. लीगमधला सर्वांत महागडा. आणि मर्यादा फक्त साखळी सामन्यांपुरती आहे. बाद फेरी सुरू झाली की हाही बरा होईल, मग दोघंही मैदानात. कलम तू लिहिलंस, मी फक्त नीट वाचलं.

ताई : कुलपाचा अभ्यास चोराचाही दांडगा असतो. म्हणून त्याला कोणी शाल-श्रीफळ देत नाही.

मॅनेजर : सगळेच करतात गं. पलीकडच्या संघाचा कॅप्टन दर मोसमात साखळीत लंगडतो आणि बाद फेरीत हरणासारखा पळतो.

ताई : सगळ्यांचेच हात बरबटले की ताट उष्टं राहत नाही, असं तुझं न्यायशास्त्र.

गोलकीपर : बाई, हत्तीचं राहू द्या. धाकट्याचं विचारा.

ताई : धाकटा कोण?

मॅनेजर : त्याचा इथे काही संबंध नाही.

गोलकीपर : आमचा बचावपटू. संघात सगळ्यांत लहान, म्हणून धाकटा. त्याचा गुडघा खरोखरच गेलाय, आत फाटलंय. सामन्याआधी सुई टोचतात आणि खेळवतात. दौऱ्यावर आम्ही एका खोलीत असतो. सुईचा असर उतरला की तो उशीचा कोपरा दातात धरून पडतो. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

ताई : मग जखमी म्हणून त्याचं नाव का नाही दिलं?

मॅनेजर : कारण सवलत संघाला एकाच खेळाडूची आहे. ती अटही तुझीच.

ताई : गैरवापर होऊ नये म्हणून घातली होती.

मॅनेजर : मग आम्ही एकच वापरली. धाकट्याचा पगार म्हणजे चिमणीचा घास, याच्यासारखा भलामोठा नाही. सवलत त्याच्यावर खर्चली तर स्ट्रायकर कुठे बसवू, माझ्या डोक्यावर?

ताई : निदान बाहेर तरी बसवायचं पोराला.

मॅनेजर : आणि त्याच्या जागी कोण? मर्यादा काठोकाठ भरलीय. बदली म्हणून माळीसुद्धा घेता येत नाही.

ताई : म्हणजे धडधाकट पायाला पट्टा आणि फाटलेल्याला सुई, दोन्ही माझ्याच कलमाच्या आधाराने. किळस हा शब्द मी आजवर फार उधळून वापरला. आज हवा होता, तर पुरत नाही.

मॅनेजर : पुरावा आहे का? याचं तोंड? ते याने उघडू नये, पुढचा करार माझ्या हातात आहे. या वयात याला दुसरं कोण घेणार?

ताई : लहानपणी डाव हरायला लागलास की तुझं पोट दुखायचं. आई ओवा द्यायची आणि मी डाव मोडायचे. तेव्हा निदान स्वतःचं पोट वापरायचास रे.

मॅनेजर : विचार ना यालाच. याने पट्टा काढला की याचा पगार मर्यादेत आला. स्ट्रायकर गेला, अजिंक्यपद गेलं आणि याची नोकरीही गेली. विचार.

ताई : नाही विचारणार. माझ्या सद्हेतूची किंमत आधीच एक गुडघा मोजतोय.

गोलकीपर : साहेब, परवा होणाऱ्या सामन्यात धाकट्याला पुन्हा सुई?

मॅनेजर : ते डॉक्टर ठरवतील.

गोलकीपर : म्हणजे ठरलंय. बाई, हे खालचं बक्कल जरा धरता का? जाम बसलंय.

मॅनेजर : हात लावू नकोस. अरे, खाली पत्रकार उभे आहेत.

गोलकीपर : बरं झालं. दोन-दोन पायऱ्या उतरतो.

ताई : सावकाश. आता खरंच पडलात तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मॅनेजर : पट्टा टाक इथे. क्लबचा आहे तो.

गोलकीपर : क्लबच्याच माणसाला देतोय, साहेब. धाकट्याची मांडी बारीक आहे, एक भोक जास्त पाडावं लागेल.