सीतारामच्या मांडीची तपासणी

आमच्या डाक्टरांले घाम फुटलेला मी एकदाच पाह्यला. बालाघाटच्या एका दवाखान्यात मी तेव्हा मलमपट्टीचं काम करत होतो. डाक्टर गाठी कापलेल्या पेशंटांचा अभ्यास करून राह्यले होते. गाठ परत येते का, हे पाहाले वर्षभरानं ते प्रत्येकाले कार्ड धाडत. रामपायलीच्या सीतारामची त्यांले लय चिंता होती. त्याच्या मांडीतली गाठ वाईट निघालती.

आषाढात सीतारामचं कार्ड घेऊन एक मानूस आला, चेहऱ्यानं सीतारामवानीच. डाक्टरांनी त्याले टेबलावर झोपवलं, एक मांडी दाबून पाह्यली, मग दुसरी पाह्यली. गाठ तर नव्हतीच, पण टाक्याची खूणही नव्हती!

"अरे, एवढी मोठी चीर मी स्वतः दिली होती," डाक्टर मले म्हणाले. "गेली कुठं?"

मी भिंग आणून देल्लं. भिंगातूनही काही दिसेना.

शेवटी डाक्टरांनी त्यालेच विचारलं, "काका, ऑपरेशन नक्की कुठं झालं होतं?"

"माह्यं कायचं ऑपरेशन, साहेब? ते सीतारामचं. मी त्याचा मोठा भाऊ. तपासाले बोलावलं, म्हणून आलो."

डाक्टरांचा चेहरा पडला. "सीताराम का नाही आला? चालता येत नाही का त्याला?"

"चालता? धानाची रोवणी सुरू हाय, साहेब! दिवसभर चिखलात त्याच्यावानी कोणी टिकत नाही. घरात बिनकामाचा मीच होतो, म्हणून मले धाडलं."

डाक्टर खो खो हसले अन् सीतारामच्या नावापुढं लिहिलं, "प्रकृती उत्तम. तपासणीस येण्यास सवड नाही."