बोटातली थरथर

नाही गं, काढते, सगळं काढते — साखळी काढली, कानातलं काढलं, अंगठी तर साबण लावून काढली, बघ, बोट अजून लाल आहे — आणि हा ताईतसुद्धा? यात कसला आलाय धातू, मठातल्या सिस्टरनी शिवून दिलेली कापडाची पुडी आहे नुसती, आत चिमूटभर सुकलेली फुलं — हां, पिन. पिन आहे खरी मागं. घे बाई, तोही घे. पण खाली ठेवू नकोस हं, वर कुठंतरी ठेव. बाळंतपणातसुद्धा काढला नव्हता मी तो. गाऊन मागून बांधायचा ना? बांधतेस? बोटांना गाठ जमत नाही माझ्या.

तुला घाई आहे, कळतंय मला. जरा टेकते इथं बाकावर आणि मग जाऊ. मानेचा एमआरआय काढायचाय म्हणालेत डॉक्टर — या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना काही लागतच नाही, गरम नाही, गार नाही. तुला वाटेल, या वयात एवढं काय त्याचं — पण मी चर्चचा पाव करते ना, आमच्या सगळ्या वस्तीचा, वेदीवर जातो तो, साधा पाव नव्हे — ते पीठ कुणी डोळ्यांनी मळत नाही, बोटं सांगतात, झालं, आता मार शिक्का. आणि बोटंच मुकी झाली. हिवाळ्यात पाव फाटला, शिक्क्याची अक्षरं फुटली, आणि आमचे पाद्री पापा-ग्रिगोरिस मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हाच इथं यायला हवं होतं, नाही का? हो, यायला हवं होतं. पण मी दुसरीकडे गेले.

एक विचारू? मघाशी तू म्हणालीस, शरीरात कुठं धातू आहे का, आणि मी नाही म्हणाले — नाहीच आहे — पण समजा, एखादीच्या असला, माझ्या नव्हे, ओळखीतल्या एका बाईच्या — आणि ती गेली तुझ्या यंत्रात, तर काय होतं? अगदी बारीक असला तरी? तांदळाच्या दाण्याएवढा? — असं बघू नकोस गं माझ्याकडे. आणि चुंबक असला तर?

बरं. हे बघ. या करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाला, ही पांढरी रेघ दिसते? अंगठी याच बोटात होती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. दाबून बघ. लागतं ना काहीतरी? तोच. हळू बोल, बाहेर लेमोनिया बसलीय — तिनंच आणलं मला गाडीतून.

माझ्या मुलानं बसवला. आर्गिरिस त्याचं नाव, बंदरावर बोटींच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि सुट्टीत तो आणि त्याचे मित्र आमच्या परसातल्या खोपटात जमतात — पूर्वी तिथं माझ्या नवऱ्याची जाळी असायची — आणि स्वतःच्याच अंगात काहीबाही बसवून घेतात. एकाच्या पंज्यात कुलपाची चकती आहे, हात दाखवला की दार उघडतं त्याच्या घराचं. दुसऱ्याच्या दंडात ताप मोजायचं काहीतरी, आणि आर्गिरिसच्या स्वतःच्या बोटात चुंबक. डॉक्टर कुणी नाही त्यांच्यात, पण हत्यारं माझ्याच कुकरमध्ये उकळतात आणि आधी कोंबडीच्या पायांवर सराव करतात. मी किती भांडले म्हणून सांगू! 'शरीर देवानं दिलंय रे, भाड्यानं दिलंय, परत करायचंय,' मी म्हणायची. तर म्हणे, 'आई, भाडेकरूसुद्धा भिंतीत एखादा खिळा ठोकतोच की.' चर्चच्या अंगणात बायका विचारायच्या, काय गं एवांथिया, तुझ्या पोराला अजून किती स्क्रू लावायचे राहिलेत — आणि मीही त्यांच्यात मिळून हसायची. म्हणायची, प्रार्थना करा त्याच्यासाठी. मोठ्या धर्मशील बाईसारखी.

आणि तीच मी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात, एका दुपारी खोपटाचं दार ठोठावायला गेले. का? अगं, तोच एकदा म्हणाला होता, चुंबक बसवला की बोटाला नवीनच काहीतरी कळायला लागतं, न दिसणारं. मला वाटलं, तीन बोटं गेली तर गेली, या चौथ्याला जास्तीचं कळायला लागलं तर कदाचित माझा पाव — वेडेपणा आहे, माहीत आहे मला. तो नाही म्हणाला. हात जोडून नाही म्हणाला. 'आई, आधी डॉक्टरला दाखव, हे तुझ्यासाठी नाही.' मीच हट्ट धरला. मीच रडले. आणि मीच शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. बर्फात बोट बधिर करून त्यानं केलं, माझ्यापेक्षा तोच जास्त घामेजला होता. मग रोज येऊन पट्टी बदलायचा. लहानपणी मी त्याच्या गुडघ्यांवर फुंकर घालायची ना, तसा फुंकर घालायचा.

आणि ईस्टरला — नको, ते नको सांगायला. — सांगते. सगळं टेबल भरलेलं, दीर, जावा, त्यांची पोरं, लाल अंडी फोडायची वेळ. आर्गिरिसनं अंडं उचललं, माझ्या अंड्यावर आपटायला म्हणून हात पुढं केला, आणि मी सगळ्यांदेखत ते काढून घेतलं त्याच्या हातातून. म्हणाले, त्या हातानं नको, आजच्या दिवशी नको. दीर हसला, 'आर्गिरिस, तुला काटेचमचे कुणी वाढू नयेत रे, आपोआप येतील!' सगळे हसले. आणि पट्टीचं बोट मी टेबलाखाली लपवलेलं. त्यानं बांधलेली पट्टी. एक शब्द बोलला असता तर माझं तोंड काळं झालं असतं तिथंच. नाही बोलला. सलाड घे म्हणाला मला. का केलं मी असं? कुणाला संशय येऊ नये म्हणून, दुसरं काय.

पाणी? हो, दे घोटभर.

पाव काही सुधारला नाही, खरं सांगायचं तर. पण बोटाला कळायला लागलं, ते खरं. ओव्हनजवळ गेलं की आत मुंगी चालावी तसं. मिक्सरच्या मोटारीजवळ तर अख्खं बोट गुणगुणायचं. गंमत वाटायची. मग सवय झाली, विसरले — विसरलेच गं, तुझी शपथ — आणि जुलैत एका संध्याकाळी चर्चमध्ये पानायियाच्या, आमच्या देवमातेच्या, प्रतिमेला ओठ टेकवले, चौकटीवर हात ठेवला, आणि ती थरथरली. माझ्या हाताखाली. बारीक, सारखी, जिवंत असल्यासारखी. आयुष्यभर मागत आले होते गं मी, एक खूण दे म्हणून, आणि ती थरथरली! मोठ्यानं रडले. आणि शेजारी लेमोनिया उभी होती.

ती आमची शेजारीण, शिवणकाम करते. तिच्या छातीत गाठ आहे. ऑपरेशनची तारीख मिळालेली, इथलीच, तुमच्याच वरच्या मजल्यावरची. तिनं माझा हात धरला — 'एवांथियामावशी, माझ्यासाठी विचार. तुला सांगते ती. माझ्यासाठी हात ठेव.' मी ठेवला. थरथरली. थरथरणारच. 'काय म्हणाली?' मी म्हणाले, थरथरली गं बाई, तुझ्यासाठीही थरथरली. खोटं नव्हतं ना ते? तेव्हा तरी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं इथं फोन करून ऑपरेशन पुढं ढकललं. म्हणाली, ऑगस्टमधला पानायियाचा सण होऊ दे, तिच्या मनात दुसरं काहीतरी आहे.

पापा-ग्रिगोरिस शहाणे. ते म्हणाले, 'बाई, प्रतिमा थरथरली की हात, ते आधी बघू या.' मला इतका राग आला त्यांचा! घरी येऊन आर्गिरिसला सांगितलं, बघ, आपले पाद्रीसुद्धा विश्वास ठेवत नाहीत आता. तो खायचा थांबला. म्हणाला, 'आई, प्रतिमेभोवती नवीन दिव्यांची माळ लावलीय ना, तिचा ट्रान्सफॉर्मर चौकटीमागंच आहे. मीच बसवलाय. कोणत्या हातानं धरलीस?'

कोणत्या हातानं.

त्याला काय म्हणाले असेन मी? गप्प बस म्हणाले. तोंड उघडलंस तर आई मेली समज म्हणाले. कारण तोवर बायका रांगेनं यायला लागल्या होत्या, सणाआधीच्या उपासात रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला, कुणी नवसाला चांदीच्या पत्र्याचा पाय, कुणी डोळा, आणि सगळ्या माझा हात धरायच्या. मी डावा हात ठेवायला लागले. हो. मुद्दाम. म्हणायची, आज काही कळत नाही, आज काही कळत नाही. पण लेमोनिया आली की — ती अशी बघायची ना — तिला मी नाही म्हणू शकले नाही. तिच्यासाठी उजवाच ठेवत राहिले. माहीत असून. आता सांग, हे काय म्हणायचं? पोरांनी अंगात खिळे ठोकले तर ती वाया गेली, आणि मी काय केलं?

 

बरं, असं करता येईल का — तू बाहेर जाऊन सांग, यंत्र बिघडलंय. आज नाही होणार. मी घरी जाईन, आर्गिरिस हा चुंबक काढून टाकेल, बारीकसं तर आहे, आणि मग मी लेमोनियाला सांगेन की पानायियानंच सांगितलं, ऑपरेशन कर म्हणून. चालेल ना? तिचंही भलं, माझंही — नाही. तुझ्या तोंडावरूनच कळतंय. पुन्हा पानायियाच्याच नावावर खोटं. ऐकणारीला काय वाटेल, वर बसून माझं सगळं ऐकणारीला? इतकी वर्षं तिचे उपास केले, तेल सोडलं, मासे सोडले, आणि तिच्या नावानं एका बाईची गाठ वाढू दिली. आजसुद्धा लेमोनिया उपाशीपोटी गाडी चालवत आलीय, माझ्यासाठी. गाडीत म्हणाली, 'मावशी, हल्ली दुखत नाही फारसं, बघ.' आणि दर चढाला ओठ दाबत होती.

वर डॉक्टर असतील का आत्ता? बसतात ना दुपारपर्यंत? त्यांना तारीख पुन्हा मागता येते का — म्हणजे रागावतील, रागावू देत. मी बसेन तिच्याजवळ. हवं तर शिव्या मी खाईन. अजून उशीर झाला नसेल ना? असं वाटतंय मला, नसेल. पानायिया एवढी कठोर नाही. थरथरली नाही म्हणून काय झालं, ऐकत तर असेलच.

तू असं कर, पोरी, माझी पाळी दुसऱ्या कुणाला दे. मला आत नको नेऊस, मला हे काढल्याशिवाय कुठंच जाता येणार नाही. जाता जाता बाहेरच्या त्या बाईला आत पाठव, निळ्या ब्लाउजमधली, कॉलरला टाचण्या टोचलेल्या असतील. आणि तू थांबू नकोस इथं. जा. दार लावून घे.

— ये, लेमोनिया. बस इथं. नाही गं, मला काही झालेलं नाही, यंत्राचंही काही नाही. बस आधी. तुझ्या कॉलरची एक टाचणी काढ. काढ म्हणते ना. आता ती माझ्या या बोटाजवळ धर. घाबरू नकोस, टोचणार नाही. अजून जवळ. अजून —

बघितलंस?

लेमोनिया. प्रतिमा नव्हे गं, हेच थरथरत होतं. चल, वर डॉक्टरांकडे जाऊ.