परसातला बेल

“माझ्या परसातल्या कमरेएवढ्या बेलाची पानं तुम्हीच तोडायलात, गौरम्मा! न्हाईतर दर सोमवारी पूजेला कुठून येतेत?”

“ईश्वरप्पा, मधल्या भिंतीवरून हात घालायला मी चोर हाय का? भर रांगेत बोलता!”

टँकर यायचा होता. लातूर वेगळा जिल्हा झाला, पण घागरींची रांग होती तिथंच होती. पुढं उभा असलेला ग्यानोबा माळी वळला.

“अप्पा, तोडलेली पानं खाली पडत न्हाईत. तुमची पडतेत ना? कडा करपून?”

“हाव. पार करपल्यात.”

“पाणी कसलं घालता?”

“घरातलंच, सांडपाणी. दुष्काळात दुसरं कुठलं?”

“मीठ गेलं असंल त्यात.”

ईश्वरप्पांनी घागर उगंच या हातातून त्या हातात घेतली.

“गुडघ्यासाठी रोज मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसता,” गौरम्मा म्हणाली. “ते पाणी कुठं ओतता?”

ईश्वरप्पा टँकरच्या वाटेकडं बघू लागले.

“अगं बाई! महादेवाच्या बेलाला पायाचं पाणी?”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. ईश्वरप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं.

“वाया जायला नको म्हणून...”

“झाड जगंल,” ग्यानोबा म्हणाला. “दोन घागरी गोडं पाणी एकदम मुळाशी ओता. मीठ खाली जाईल.”

“घरटी तर एकच घागर मिळती,” गौरम्मा म्हणाली. “माझी घ्या.”

“नको, अक्का... तुमच्यावर आळ घेऊन तुमचंच पाणी कसं घेऊ? मला आता जायचंय.”