आपोआप बंद झालेली विनंती

हॅलो?… हां, बोल ताई. पटकन बोल, दहा मिनिटांत मीटिंग आहे… जिन्यात आहे. ऑफिसच्या जिन्यात, अजून कुठे?… नाही, आत्ता प्रार्थना करत नव्हतो, तुझाच फोन घ्यायला आलो. एरवी करतो इथे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. कुणी आलं की खाली वाकून बुटाची नाडी बांधतो… हसू नकोस. सहा वर्षांत या इमारतीत माझ्याइतक्या नाड्या कुणी बांधल्या नसतील.

तू कुठे आहेस?… बाईंकडे? आपल्या रविवारच्या शाळेच्या बाईंकडे?… का गं, बऱ्या आहेत ना?… तीन रविवार चर्चमध्ये उपासनेला आल्या नाहीत? बाई? अगं, त्या अंगात ताप असला तरी पहिल्या बाकावर असतात… काय म्हणतात?… मंडळीनेच त्यांची प्रार्थना बंद केली? छे! पाळकसाहेब असं बोलणं शक्यच… मेसेज आला? वाच. वाच ना.

…

परत वाच.

…"चौदा दिवसांत कोणतीही हालचाल न झाल्याने आपली विनंती बंद करण्यात येत आहे. अडचण कायम असल्यास नव्याने नोंदवा."

अरे देवा… नाही, तोंडी लावायला नाही म्हटलं, खरंच त्यालाच हाक मारली. ताई, ते मीच लिहिलंय… बाईंना नाही गं लिहिलं! कुणालाच नाही. ऐक तर. पाळकसाहेब म्हणाले ना, चिठ्ठ्या हरवतात, प्रार्थनेच्या विनंत्यांची एक नीट यादी हवी. मग ऑफिसात तक्रारींसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो, तेच… हो, प्रिंटर बिघडला, पासवर्ड विसरला, त्याच तक्रारी. तेच उचलून मंडळीला लावलं. आणि तो एक नियम काढायचा राहिला. दोन आठवडे कुणी हात लावला नाही की आपोआप…

हो, टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यांनी. आणि मी काय म्हणालो होतो? "ज्याला जे दिलंय ते त्याने सेवेला लावावं." केवढा नम्र चेहरा केला होता!… तू आठवण करून दिली नसतीस तरी चाललं असतं.

फक्त बाईंनाच गेला का?… हं. बाकीच्यांच्या बदलत असतात ना. कुणी बरं झालं, कुणाला नोकरी लागली. बाईंची आपली तीच ती. नऊ वर्षं. त्यांच्याशी भांडून निघून गेलेला मुलगा परत यावा, निदान त्याने फोन करावा… माहीत आहे गं, भोंग्या माझ्याच बाकावर बसायचा. आपल्याच आईच्या वर्गात भोकाड पसरणारा. ते नावही मीच पाडलेलं.

नाही, मी करतो त्यांना फोन. मीटिंगनंतर. काय बोलायचं ते जरा लिहून काढतो… ताई, देऊ नकोस. ताई! अगं ऐक ना, मी अजून…

सलाम, बाई.

हो, मीच… हो, वाचून दाखवला तिने… नाही, पाळकसाहेबांनी नाही. मंडळीनेही नाही. ते यंत्राने… नाही. मी. माझी चूक, बाई… तुम्हाला काय वाटलं?… देवाचंच उत्तर आलं?… बाई, देव असलं मराठी लिहील का?

हसलात!… बरं, नाही हसलात.

हो. खरं आहे. चौदा दिवस कुणी उघडूनही पाहिली नाही… मीही नाही. मी फक्त यादी किती लांब झाली तेवढंच बघत होतो.

आत्ता? फोनवर?… मोठ्याने? बाई, मी ऑफिसात आहे. रविवारी करतो ना, पुढे येऊन, सगळ्यांसमोर… छे, लाज कसली. फक्त आज लिफ्ट बंद आहे, सगळे जिन्यातूनच… हे आलेच बघा.

या सर, तुम्ही व्हा पुढे… नाही, नाडी नाही सुटली. एक प्रार्थना करायचीय… हो सर. प्रार्थना.

आहात ना बाई?… मिटले. मिटले डोळे.

प्रभू… तुझ्या या लेकीची विनंती आम्ही पुन्हा एकदा नोंदवतो. म्हणजे… तुझ्यापुढे ठेवतो. भोंग्याला सांभाळ. तो कुठे आहे हे आम्हा कुणालाच ठाऊक नाही, पण तू…

…

नाही बाई, फोन चालू आहे. मीच थांबलो… खोटं बोललो. आत्ता. प्रार्थनेत… मला ठाऊक आहे तो कुठे आहे. माझ्याकडे त्याचा नंबर आहे.

…पाच वर्षं. तोही आमच्याच धंद्यात आहे, बाई, तिथल्याच एकाकडून नंबर मिळाला. त्याला बढती मिळाली तेव्हा फोनवरच्या नोकरीच्या ॲपनेच सुचवलं, 'अभिनंदन' म्हणा. मी बटण दाबलं. त्याने अंगठा पाठवला. एवढंच आमचं बोलणं… नाही सांगितलं. वाटलं, आईलेकाच्या मध्ये आपण कशाला पडा, प्रार्थना चालूच आहे ना… हो, दर रविवारी. 'आमेन' म्हणायचो मी. खिशात नंबर ठेवून.

बाई?… बोला ना काहीतरी. लहानपणी धरायचात तसा कान धरा, पण बोला.

देतो ना, लिहून घ्या. नऊ आठ… नको? का?… हं. तुमचा आवाज ऐकून त्याने ठेवून दिला तर… नका रडू, बाई. ताई आहे ना शेजारी?… मी? मी काय सांगू त्याला?… एवढंच?… हो. कळेल. त्याला बरोबर कळेल.

मीटिंग जाऊ दे… नाही, नंतर नाही, आत्ताच… 'आमेन' राहिलं? राहू दे, बाई. अजून संपलीय कुठे. ठेवतो.

…

हॅलो?… भोंग्या?… मी रे, तुझं नाव पाडणारा… नाही, नोकरीसाठी नाही केला. ऐक. तुझी आई तीन रविवार उपासनेला गेली नाही…

हॅलो?… आहेस ना?… बऱ्या आहेत, बऱ्या आहेत. फोनपाशीच बसल्यात… अरे, रड ना. कुठे आहेस, ऑफिसात?… मग जिन्यात जा. जा, मी धरतो फोन… कुणी आलं तर सांग, बुटाची नाडी बांधतोय.