डावी घडी

बावीस तास म्हणे. अहो मॅडम, परत एकदा बघा त्या पडद्यावर — मान हलवू नका, बघा. रजेला नोकरीचं एक वर्ष लागतं, भरलं का माझं? एक सोडून नऊ भरली. डॉक्टरांचा कागद जोडलाय? जोडलाय, शिक्क्यासकट. नवरा कुटुंबात मोडतो का? मोडतो, तुमच्याच नियमात लिहिलंय, नशीब माझं. मग अडलं कुठं, तर गेल्या वर्षभरात साडेबाराशे तास पाहिजेत आणि माझे बाराशे अठ्ठावीसच भरले. आणि बॉयलर फुटला तेव्हा अडीच महिने आम्हाला घरी कुणी बसवलं? मी काय हौसेनं बसले? बॉयलर तुमचा आणि तास माझे कमी — चोर सोडून संन्याशाला फाशी.

मंगळवारी ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन आहे. सहा आठवडे आडवं राहायचंय, दर दोन तासांनी कुणीतरी कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं. ते कोण करणार, तुमचा नियम येणार? रजेशिवाय घरी राहिले तर चौथ्या दिवशी नाव कमी करता, माहितीये मला. दोन जणींचं केलंत, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि कमी नाहीतच मुळी, सांगते ना. उलट चोवीस जास्त केलेत. तीन पाळ्या, लागोपाठ तीन रविवार, माझी सुट्टी असताना — चादरींच्या टेबलाशी आठ-आठ तास उभी होते. दिसत नाही म्हणता? यंत्राला काय दिसणार, त्याला कार्ड दिसतं, माणूस थोडंच दिसतं. थांबा, मागे मुकादमाची वही आहे ना, लाल पाठीची, ती काढा. काढा हो, मी कुठं पळून जात नाही. अख्ख्या लॉन्ड्रीत डावखुरी बाई एकच, मी. माझी घडी डावीकडून पडते, आणि मुकादमाला ते खपत नाही — दिसली की शेरा, 'घडी उलटी'. नऊ वर्षं खातेय तो शेरा. आता त्या तीन रविवारचं पान बघा. आहे ना शेरा? तिन्ही दिवस आहे ना? मग आणखी काय पुरावा पाहिजे, हात कापून देऊ?

कुणाच्या नंबरापुढे?

बरं. तिच्या. माझ्या जावेच्या. आठवा महिना होता तिला, पाय असे सुजलेले की चपलेत जाईनात, आणि तिच्याही मानेवर हेच तुमचे साडेबाराशे — भरले नसते तर बाळंतपणाची रजा गेली होती. तिच्या रविवारच्या पाळ्या मी केल्या. टोपी घातली, तोंडाला पट्टी बांधली, नुसते डोळे उघडे, तिचं कार्ड लावलं न् राहिले उभी. कुणाचं काय बुडवलं? चादरी वॉर्डात गेल्या ना वेळेवर? आता ती सुटलीये, तीन आठवड्यांची पोर आहे मांडीवर, रजा पदरात पडलीये. तिचं भागलं. म्हणून म्हणते, ते चोवीस तास इकडे वळते करा — हात माझेच होते ना — माझे माझ्या नावावर करायला इतका काय त्रास —

काय लिहिताय?

तिचा नंबर कशाला उतरवताय? नाही, पेन खाली ठेवा. माझं बोलणं चाललंय ना, माझा अर्ज आहे, तिचा काय संबंध? चौकशी? कसली चौकशी? रजा काढून घेणार तिची? न् नोकरीही? अहो, टाके आहेत तिला अजून, धड बसता येत नाही.

ऐका मॅडम. मी रागात काहीतरी बरळले. रविवारी मी घरीच होते, ह्यांची पाठ शेकत बसले होते, हवं तर विचारा त्यांना. घडीचं काय, घाई असली की कुणाचीही उलटी पडते. पोटुशी बाई, वाकता येत नाही, तिची पडणारच. तिनंच केल्या त्या पाळ्या. तिनंच. तुमचं यंत्र बरोबर आहे, माझे बावीस कमी आहेत, मीच मोजायला चुकले. असं लिहा.

तो अर्ज द्या इकडे. डॉक्टरांचा कागदही द्या. आणि वही मिटा ती.

मंगळवारी पहिल्या पाळीला येते मी. बोलवा पुढच्या बाईला.